३१,६२८ कोटींची मदत, १८ लाख रोजगार आणि सेमाडोह: सरकारचे आकडे सिपनेच्या काठापर्यंत पोहोचतात का?

परतवाडा सोडलं, घटांग मागे टाकलं आणि घाट उतरला की सिपना नदीच्या काठावर सेमाडोह लागतं. चिखलदरा तालुक्यातलं, मेळघाट व्याघ्र प्रकल्पातलं गाव. परतवाडा-धारणी रस्त्यावरचा चहाचा थांबा, वन विभागाचं पर्यटक संकुल, निसर्ग परिचय केंद्र. बहुतेक शहरी पर्यटकांना सेमाडोहची ओळख एवढीच.

सरकारच्या कागदावर मात्र हे गाव एकाच वेळी तीन ठिकाणी आहे. अतिवृष्टीचा फटका बसलेल्या अमरावती जिल्ह्यात ते आहे. रोजगार हमीची सर्वाधिक गरज असलेल्या पट्ट्यात आहे. आणि विदर्भाच्या पर्यटन नकाशावरही आहे. तिन्ही खात्यांचे मोठे आकडे गेल्या दोन वर्षांत आपण मोबाईलवर वाचले: अतिवृष्टीसाठी ३१,६२८ कोटींचं पॅकेज, नव्या पर्यटन धोरणातून १८ लाख रोजगार, अमरावतीत विमानतळ आणि टेक्स्टाईल पार्क.

हे आकडे खोटे नाहीत. पण ते वेगवेगळ्या फायलींत आहेत आणि सेमाडोहचं कुटुंब एकच आहे. मेळघाटात खरा प्रश्न निधीपेक्षा वेळापत्रकाचा आहे, असं माझं मत आहे. ते का, हे आकडे उलगडूनच सांगतो.

३१,६२८ कोटींत नेमकं काय आहे?

२०२५ च्या पावसाळ्यात, विशेषतः सप्टेंबरमध्ये, मराठवाडा आणि विदर्भात पावसाने कहर केला. ७ ऑक्टोबर २०२५ रोजी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी पॅकेज जाहीर केलं. त्यात २९ जिल्हे आणि सुमारे ६८ लाख हेक्टरवरचं पिकांचं नुकसान धरलं होतं. अमरावती आणि अकोला दोन्ही जिल्हे त्यात होते.

तुम्ही तेव्हा ‘कोरडवाहूला हेक्टरी १८,५०० रुपये’ अशी हेडलाईन वाचली असेल. या १८,५०० चे दोन तुकडे आहेत. ८,५०० रुपये हा आपत्ती मदतीचा आधीपासूनचा केंद्राचा निकष. त्यावर राज्याने रब्बीच्या बियाण्यासाठी आणि पेरणीसाठी हेक्टरी १०,००० रुपये जोडले. हंगामी बागायतीचे २७,००० म्हणजे १७,००० अधिक १०,००० आणि बारमाही बागायतीचे ३२,५०० म्हणजे २२,५०० अधिक १०,०००. केंद्राच्या निकषात मर्यादा दोन हेक्टर आहे, राज्याने ती तीन केली. विमा काढलेल्यांना आणखी हेक्टरी १७,००० रुपये मिळतील असं गृहीत धरून कोरडवाहूचा आकडा ३५ हजारांच्या वर नेला गेला. मात्र २०२५ च्या खरिपापासून पीक विम्याची भरपाई फक्त पीक कापणी प्रयोगावर आली आहे, म्हणजे ती मंडळाच्या सरासरी उत्पादनावर ठरते. तुमच्या नाल्याकाठच्या वावरात पाणी शिरलं आणि शेजारच्या गावात पीक बरं आलं, तर काय होणार हे सांगायला नको.

राज्याने जोडलेले १०,००० ही खरी भर होती, त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण मेळघाटातला शेतकरी बहुतेक कोरडवाहू. सोयाबीन, मका, तूर, कुटकी. म्हणजे तो सगळ्यात खालच्या दरात बसतो. अनेकांची जमीन वनहक्काच्या पट्ट्याची. २००६ च्या कायद्याने मिळालेला हा पट्टा वारसाला जातो, नवरा-बायको दोघांच्या नावाने निघतो, पण विकता येत नाही. साध्या सातबाऱ्याला धरून बांधलेल्या प्रत्येक ऑनलाईन यंत्रणेत हा माणूस पहिल्या झटक्यात कुठेतरी अडकतो.

घरांचंही तसंच. पूर्ण पडलेल्या घराला सपाट भागात १ लाख २० हजार आणि डोंगरी भागात १ लाख ३० हजार. झोपडीला मात्र ८,००० रुपये. कुडाची भिंत आणि वर कवेलू असलेलं कोरकू घर ‘कच्चं घर’ की ‘झोपडी’? पंचनाम्याच्या फॉर्मवर हा एक शब्द बदलला की १ लाख २२ हजारांचा फरक पडतो. तो शब्द लिहिणाऱ्या तलाठ्याला गावात पोहोचायला रस्ता चालू लागतो. इथे आपण पावसाळ्यावर येतो, पण आधी पॅकेजमधली माझ्या मते सर्वात महत्त्वाची ओळ.

खरडलेली जमीन आणि ३ लाख रुपये

पुराने माती वाहून गेलेल्या जमिनीसाठी हेक्टरी ४७,००० रुपये रोख आणि रोजगार हमीतून हेक्टरी ३ लाख रुपयांपर्यंतची कामं, असं पॅकेज सांगतं. खचलेल्या किंवा गाळाने भरलेल्या विहिरीला ३०,००० रुपये.

४७,००० हा जुनाच निकष. नवीन गोष्ट आहे ती ३ लाखांची. मदत आणि रोजगार एकाच ओळीत आलेत, असं सरकारी पॅकेजमध्ये क्वचित होतं.

थोडं गणित करू. रोजगार हमीत मजुरी आणि साहित्याचं प्रमाण ६०:४० धरतात. म्हणजे ३ लाखांतले १ लाख ८० हजार मजुरीचे. २०२५-२६ साठी महाराष्ट्रातला दर रोज ३१२ रुपये. भागाकार केला की एका हेक्टरमागे साधारण ५७७ दिवसांची मजुरी निघते. सहा कुटुंबांना प्रत्येकी जवळपास १०० दिवस काम, तेही गावाच्या शिवारात, स्वतःच्या मातीवर.

आता दुसरा आकडा शेजारी ठेवा. एक हेक्टर कोरडवाहू सोयाबीन गेल्यावर मिळणारी मदत १८,५०० रुपये. १०० दिवस काम मिळालेल्या कुटुंबाची मजुरी ३१,२०० रुपये. मेळघाटात ‘आपत्तीतून सावरणं’ म्हणजे प्रत्यक्षात वेळेवर मिळालेलं काम असतं. रोख मदत त्यानंतर येते. हे कोणत्याही पत्रकार परिषदेत या क्रमाने सांगितलं जात नाही.

हे महाराष्ट्राला नवीन आहे का?

अजिबात नाही. उलट हे आपणच देशाला शिकवलं. १९७२ च्या दुष्काळात राज्यभर लाखो माणसं दुष्काळी कामांवर होती. वि. स. पागे यांनी मांडलेल्या रोजगार हमीच्या कल्पनेला त्यातून बळ मिळालं आणि १९७७ मध्ये विधिमंडळाने कायदा केला. देशाचा मनरेगा कायदा आला २००५ मध्ये, म्हणजे २८ वर्षांनी.

नोकरदार वाचकांनी आपली पगाराची स्लिप उघडून पाहावी. ‘व्यवसाय कर’ म्हणून दरमहा २०० रुपये कापलेले दिसतील, वर्षाला २,५००. हा कर १९७५ मध्ये रोजगार हमीसाठीच सुरू झाला. म्हणजे पुण्या-मुंबईतल्या प्रत्येक नोकरदाराचं सेमाडोहच्या मजुराशी पन्नास वर्षांपासून एक छोटं नातं आहे. आपल्याला ते माहीत नसतं, एवढंच.

त्या जुन्या कायद्यामुळे आजही एक गोष्ट वेगळी आहे. मनरेगाची हमी १०० दिवसांची, पण महाराष्ट्रात त्यापुढचं काम राज्य स्वतःच्या पैशातून देऊ शकतं आणि देतं. वनहक्काची जमीन सोडून दुसरी जमीन नसलेल्या आदिवासी कुटुंबाला मनरेगात १५० दिवसांची तरतूद आहे. मेळघाटसाठी ही तरतूद सोन्यासारखी आहे, ती किती जणांना माहीत आहे हा वेगळा मुद्दा.

डिसेंबर २०२५ मध्ये मात्र संसदेने मनरेगाच्या जागी नवा कायदा केला. त्यात हमी १२५ दिवसांची आहे. पण मजुरीचा सगळा खर्च आधी केंद्र उचलायचं, आता केंद्र-राज्य वाटा ६०:४० झाला. शिवाय शेतीच्या हंगामात वर्षातले ६० दिवसांपर्यंत कामं थांबवण्याची तरतूद आहे. दिवस वाढले हे चांगलंच. पण खरडलेल्या जमिनीचे हेक्टरी ३ लाख ज्या योजनेतून द्यायचे होते, त्या योजनेतला राज्याचा वाटा वाढलाय. लाडकी बहीणपासून कर्जमाफीच्या आश्वासनांपर्यंत तिजोरीवर आधीच किती ताण आहे हे आपण रोज वाचतो. तेव्हा सेमाडोहच्या शिवारातल्या मातीकामाला पैसा कुठून येणार, हे सरकारने आकड्यासह सांगायला हवं.

मग लोक गाव सोडून का जातात?

दिवाळी झाली की मेळघाट रिकामा होऊ लागतो. वीटभट्ट्या, संत्र्याची तोड, मध्य प्रदेशातली शेतीची कामं, शहरांतली बांधकामं. पोरंबाळं घेऊन कुटुंबं निघतात आणि होळीला परततात. कोरकूंसाठी होळी हा वर्षाचा मोठा सण, त्या आधी माणूस कुठेही असो, घरी येतोच.

काम नाही म्हणून जातात, असं एका वाक्यात लिहून आपण मोकळे होतो. काम असतं. धारणी आणि चिखलदरा हे तालुके रोजगार हमीच्या कामांत राज्यात वरच्या ओळीत असतात. अडचण पैसे हातात कधी पडतात याची आहे. कायदा सांगतो १५ दिवसांत मजुरी द्या. उशीर झाला तर दिवसाला ०.०५ टक्के भरपाई. ३,००० रुपये थकले तर रोजचा दीड रुपया. वीटभट्टीवाला मात्र उचल आधी देतो. दिवाळीला हातात रोख आणि वर्षभर राबणं, हा व्यवहार वाईट आहे हे कोरकू माणसाला आपण समजावण्याची गरज नाही. पण तो व्यवहार त्याच्या गरजेच्या दिवशी होतो आणि सरकारचा होत नाही.

माझं इंजिनिअरिंग झालंय, त्यामुळे ॲपवर माझा मुळात राग नाही. पण मेळघाटच्या बाबतीत ॲपची यादी करून पाहिली तर अवघड वाटतं. जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या सार्वजनिक कामांवर मजुरांची हजेरी ॲपवर, दिवसातून दोनदा फोटोसह. जानेवारी २०२४ पासून मजुरी आधार जोडलेल्या खात्यावरच. अतिवृष्टीची मदत शेतकरी ओळख क्रमांक किंवा ई-केवायसीवर. सफारीचं बुकिंग ऑनलाईन. म्हणजे मदत, मजुरी आणि पर्यटक, तिन्ही गोष्टी गावात मोबाईलच्या रेंजमधून येतात. आणि मेळघाटात रेंज शोधायला अजूनही टेकडी चढावी लागते.

इथे हरिसालची आठवण काढायलाच हवी. सेमाडोहहून धारणीकडे याच रस्त्यावर पुढे हरिसाल आहे. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या मदतीने ते देशातलं पहिलं ‘डिजिटल गाव’ म्हणून जाहीर झालं. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत राज ठाकरेंनी भर सभेत ‘लाव रे तो व्हिडिओ’ म्हणत याच हरिसालची अवस्था दाखवली आणि गाव राज्यभर गाजलं. कोण किती बरोबर होतं हा वाद बाजूला ठेवू. तांत्रिक धडा साधा आहे: यंत्रणा उद्घाटनाच्या दिवशी चालते, तिला पाचव्या वर्षी चालवायला कोणीतरी पगारी माणूस गावातच लागतो. तो पगार कोणत्याच पॅकेजमध्ये नसतो.

पर्यटनातून १८ लाख रोजगार: सेमाडोहच्या वाट्याला किती?

राज्याचं पर्यटन धोरण २०२४ मध्ये आलं. दहा वर्षांत १ लाख कोटींची खासगी गुंतवणूक आणि १८ लाख रोजगार, असं उद्दिष्ट. भागाकार केला तर एका रोजगारामागे साधारण साडेपाच लाखांची गुंतवणूक होते. हॉटेल, रिसॉर्ट यांच्या हिशेबाने हा आकडा अगदीच अवास्तव नाही. पण गुंतवणूक आधी जिथे रस्ता, पाणी, वीज आणि गर्दी असते तिथे जाते. महाबळेश्वर, लोणावळा, कोकणचा किनारा.

विदर्भापुरतं बोलायचं तर बेलोऱ्याचं अमरावती विमानतळ १६ एप्रिल २०२५ ला सुरू झालं, मुंबईहून एटीआर विमान येऊ लागलं. चिखलदऱ्यात सिडको ४०७ मीटर लांबीचा काचेचा स्कायवॉक उभारतेय. गोराघाट ते हरिकेन पॉइंट. वन्यजीव मंजुऱ्यांत तो बराच काळ रखडला, आता तो कधी पूर्ण होतो याची अख्ख्या जिल्ह्याला उत्सुकता आहे. होऊ द्या. चिखलदऱ्याच्या लॉज, हॉटेल, रबडी-खव्याच्या दुकानांना त्याने नक्कीच धंदा मिळेल.

पण चिखलदरा आणि सेमाडोह यांचे हंगाम वेगळे आहेत, हे धोरण लिहिणाऱ्यांच्या लक्षात येत नाही असं दिसतं. चिखलदरा पावसाळ्यात फुलतं. धुकं, धबधबे, शनिवार-रविवारी गाड्यांच्या रांगा. त्याच महिन्यांत, साधारण जुलै ते सप्टेंबर, व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रातली सफारी बंद असते. म्हणजे सेमाडोह-कोलकासच्या गाईडची, जिप्सीवाल्याची, कॅन्टीनमध्ये काम करणाऱ्या बाईची कमाई नेमकी पावसात थांबते. याच पावसात नाले भरतात, रस्ता तुटतो, घरातलं धान्य संपत आलेलं असतं आणि शेतीचा पैसा अजून हातात आलेला नसतो.

मेळघाटातल्या बालमृत्यूंच्या बातम्याही याच महिन्यांत येतात. हा विषय १९९३ पासून गाजतोय. नोव्हेंबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने यावरून पुन्हा सरकारला धारेवर धरलं, तेव्हा जूनपासून सहा महिन्यांपर्यंतच्या वयाची ६५ बाळं दगावल्याचा आकडा न्यायालयासमोर होता. पर्यटनाच्या लेखात हे कशाला, असं कोणी म्हणेल. ॲम्ब्युलन्स ज्या रस्त्यावरून जाते त्याच रस्त्याने पर्यटकही येतो, म्हणून.

रस्ता एकच आहे

पॅकेजमध्ये पायाभूत सुविधांच्या दुरुस्तीसाठी १०,००० कोटींचा आकडा होता. रस्ते, पूल, शाळा, बंधारे, वीज. मेळघाटात तीनशेहून अधिक गावं आणि धारणीला अमरावतीशी जोडणारा मुख्य धागा म्हणजे हा परतवाडा-सेमाडोह-धारणी रस्ता. सप्टेंबर २०२४ मध्ये याच रस्त्यावर सेमाडोहजवळ एक खासगी प्रवासी बस पुलावरून खाली कोसळली. माणसं गेली, अनेक जखमी झाले. अरुंद पूल, आंधळी वळणं, पावसात पाण्याखाली जाणारे सखल भाग, हे मेळघाटात नेहमीचंच.

जंगलाच्या मधोमध चौपदरी रस्ता करा असं मी म्हणत नाही. तो व्याघ्र प्रकल्प आहे, आणि गाड्यांचा वेग वाढला की वन्यप्राणी मरतात. अकोला-खंडवा रेल्वेमार्गाचं उदाहरण ताजं आहे. मीटरगेज जाऊन ब्रॉडगेज येताना मेळघाटच्या जंगलातला तुकडा वगळून रूळ बाहेरून न्यावेत, यावर मोठा वाद झाला आणि बाहेरूनचा मार्ग पुढे आला. अकोला ते अकोट गाडी नोव्हेंबर २०२२ मध्ये सुरूही झाली. तसाच समजूतदारपणा इथे हवा. रस्ता रुंद न करता पूल उंच करता येतात, कठडे मजबूत करता येतात, वेगावर बंधन घालता येतं. हे खर्चिक नाही, फक्त याच्या उद्घाटनाचा फोटो स्कायवॉकसारखा येत नाही.

केरळचं उदाहरण पाहा. ३० जुलै २०२४ ला वायनाडमध्ये दरड कोसळून शेकडो माणसं गेली. आपत्ती जिल्ह्याच्या एका कोपऱ्यात झाली, पण पर्यटक अख्ख्या वायनाडला जायचे थांबले. जिथे काहीच पडलं नव्हतं तिथल्या होमस्टे आणि टॅक्सीवाल्यांचाही धंदा बसला. तेव्हा केरळ सरकारला पर्यटकांना परत बोलावण्यासाठी मोहीम चालवावी लागली. केरळकडे एक गोष्ट आधीपासून होती. २०१७ पासून तिथे ‘जबाबदार पर्यटन मिशन’ चालतंय, म्हणजे हॉटेलला भाजी, दूध, गाईड, हस्तकला गावातूनच मिळावी अशी जोडणी. त्यामुळे पर्यटक परतले की पैसा कोणाकडे जाणार हे बऱ्यापैकी ठरलेलं होतं.

आपल्याकडे हे ठरलेलं नाही. व्याघ्र प्रकल्पांची प्रतिष्ठानं आहेत, गेटचा पैसा तिथे जमा होतो. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना २०१५ पासून आहे, बफरमधल्या गावांना गॅस, कुंपण, प्रशिक्षण मिळतं. महिलांसाठी ‘आई’ पर्यटन धोरण २०२३ मध्ये आलं, त्यात १५ लाखांपर्यंतच्या कर्जाचं व्याज सरकार भरतं. कागद भरपूर आहेत. पण सेमाडोहच्या गेटवर गेल्या वर्षी किती पर्यटक आले, त्यातून किती रुपये जमा झाले, गावातल्या किती जणांना किती दिवसांची मजुरी मिळाली, हे एका पानावर, मराठीत, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावलेलं असायला हवं. रोजगार हमीच्या मस्टरचं सामाजिक लेखापरीक्षण होतं. मग पर्यटनाच्या गेटचं का नाही?

सफारी हवी, पण गाव नको?

व्याघ्र प्रकल्पाच्या गावांना पर्यटनाबद्दल थोडा संशय असतो, आणि त्याला कारण आहे. मेळघाट हा १९७३-७४ मधल्या देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. बोरी, कोहा, कुंड ही गावं या शतकाच्या सुरुवातीला हलवली गेली, नंतर अकोट, तेल्हारा भागात आणखी गावांचं पुनर्वसन झालं. आधी कुटुंबाला १० लाख, २०२१ पासून १५ लाख. जानेवारी २०१९ मध्ये केलपाणीत पुनर्वसित गावकरी जंगलात परतले आणि संघर्ष झाला, तो अनेकांना आठवत असेल. आपल्याला जंगलातून बाहेर काढायचं आणि आपल्याच गावठाणाशेजारून जिप्सी न्यायच्या, असं ज्याला वाटतं त्याला होमस्टेच्या प्रशिक्षणाचं पत्रक देऊन फार उपयोग होत नाही.

त्यामुळे हक्क आधी आणि पर्यटन नंतर, हा क्रम महत्त्वाचा. परतवाड्याजवळच्या पायविहीर गावाने तो दाखवला. २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, १९३ हेक्टर उजाड जंगल. ग्रामसभेने चराई आवरली, रोजगार हमीतून जल-मृद संधारणाची कामं केली, झाडं लावली, सीताफळं मुंबईच्या बाजारात पाठवली. २०१४ मध्ये गावाला जैवविविधतेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तिथे मदत, काम आणि उत्पन्न एकाच ग्रामसभेच्या वहीत आलं. बांबूत लवादाचं केंद्र, मधात आमझरी, अशी मेळघाटातलीच आणखी उदाहरणं आहेत. मोठी नाहीत, पण ती कर्ज बुडवून पळून जाणारीही नाहीत.

टेक्स्टाईल पार्कचं काय, असा प्रश्न येईल. नांदगाव पेठला हजार एकरांवर पीएम मित्र पार्क होतोय, सप्टेंबर २०२४ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते वर्ध्यातून त्याचं भूमिपूजन झालं. अमरावती-अचलपूरच्या पोरांना तिथे नोकऱ्या मिळाव्यातच. पण सेमाडोहहून तिथे रोज जाऊन येणं शक्य नाही. तिथे जाणारा माणूस स्थलांतर करूनच जाणार, फक्त वीटभट्टीऐवजी कारखान्यात. ते वाईट नाही, पण त्याला गावातला रोजगार म्हणू नये.

सरकारने काय करावं?

माझ्या मते पहिली गोष्ट वेळापत्रक. दिवाळी ते होळी हा सफारीचाही चांगला हंगाम आणि स्थलांतराचाही. याच चार महिन्यांत गावातल्या माणसाला काम आणि पर्यटकाला माणूस, दोन्ही हवं असतं. खरडलेल्या जमिनीची कामं दिवाळीच्या आधी मंजूर करून ठेवली आणि पहिल्या आठवड्याची मजुरी राज्याने स्वतःच्या निधीतून लगेच दिली, तर वीटभट्टीच्या उचलीशी निदान स्पर्धा तरी होईल. केंद्राचे पैसे मागून आले की वळते करून घ्यावेत. १९७७ च्या कायद्याने राज्याला ही मोकळीक दिलेली आहे.

दुसरी गोष्ट पावसाचे तीन महिने. सफारी बंद असताना गाईड आणि जिप्सीवाल्यांना प्रतिष्ठानाच्या पैशातून काम द्यावं. रस्त्यावरची गस्त, नाल्यावर पाणी चढलं की वाहनं थांबवणं, गरोदर बायांना वेळेत खाली उतरवायला गाडी, पंचनाम्यासाठी तलाठ्याला सोबत. जंगलातली वाट त्यांच्याइतकी कोणाला ठाऊक नाही. याला नवी योजना लागत नाही, वन आणि महसूल या दोन खात्यांनी एकत्र बसून सही करावी लागते. अवघड तेच आहे, हे मान्य.

आणि ॲप बंद करू नका, पण जिथे रेंज नाही तिथे कागदी हजेरी आणि कागदी केवायसी वैध आहे असा स्पष्ट आदेश द्या. आदेश म्हणजे आदेश, ‘स्थानिक पातळीवर निर्णय घ्यावा’ असं मोघम पत्र नव्हे.

यंदा होळी मार्चच्या पहिल्या आठवड्यात आहे. तेव्हा मेळघाटची गावं भरलेली असतील, सेमाडोहचं संकुल उन्हाळी पर्यटकांसाठी उघडं असेल, सिपनेचं पाणी ओसरलेलं असेल. तिथून पहिल्या पावसापर्यंत साधारण तीन महिने मिळतात. माती परत वावरात टाकायला, विहिरीतला गाळ काढायला आणि पुलाचे कठडे बांधायला मेळघाटात वर्षातून एवढाच वेळ असतो.